निवेदन, ठिय्या आणि पाण्याचा कूलर

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या कारभाराचा विचार करताना एक गोष्ट आधीच मान्य केलेली बरी, ती अशी की तेथे दोन कालगणना एकाच आवारात, एकमेकींना फारसा त्रास न देता, सुखाने नांदत असतात. पहिली विद्यार्थ्यांची, ती सत्रांत, म्हणजे सहा-सहा महिन्यांच्या सेमिस्टरांत मोजली जाते आणि पदवीच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला तिची सहा किंवा आठ आवर्तने येतात. दुसरी कालगणना फायलीची; तिला आरंभ असतो, कारण पहिल्या कागदावर आवक क्रमांक आणि दिनांक पडलेला असतो, परंतु अंत असलाच पाहिजे असे कोणत्याही परिनियमात म्हटलेले नाही. विद्यार्थ्यांचे जीवन सुसह्य व्हावे म्हणून विद्यापीठाच्या मागे लागणाऱ्या विद्यार्थी संघटनांचे सारे कार्य या दोन कालगणनांचा मेळ घालण्याच्या खटाटोपात सामावलेले आहे. आणि तो मेळ सहसा बसत नसल्यामुळे एका पिढीने मागितलेली वस्तू पुढच्या पिढीस मिळते व ती पिढी, ही वस्तू येथे पहिल्यापासूनच होती अशा समजुतीने, तिच्याबद्दल तक्रार करू लागते.

विद्यार्थी संघटना म्हणजे नेमके काय, हे येथे स्पष्ट केले पाहिजे, कारण या राज्यात तिची दोन रूपे आहेत. एक कायद्यातले: विद्यार्थी परिषद, म्हणजे महाविद्यालयाच्या व विद्यापीठाच्या पातळीवरील विद्यार्थी प्रतिनिधींचे अधिकृत मंडळ. दुसरे रस्त्यावरचे: अभाविप, एसएफआय, एनएसयूआय, छात्रभारती, युवासेना, मनविसे अशा, कोणत्या ना कोणत्या पक्षाशी किंवा विचाराशी नाते सांगणाऱ्या संघटना. पहिल्या रूपाला कायद्याचे अधिष्ठान आहे, पण अस्तित्वाची खात्री नाही. दुसऱ्याला अधिष्ठान फारसे नाही, पण अस्तित्व इतके आहे की परीक्षा विभागाच्या शिपायाला ते आवाजावरून ओळखता येते.

पहिल्या रूपाची अशी अवस्था होण्यामागे इतिहास आहे. महाविद्यालयीन निवडणुकांतील हाणामाऱ्या वाढत गेल्या, १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, आणि नव्वदच्या दशकात प्रत्यक्ष मतदान थांबले. त्यानंतर आलेल्या १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने या प्रश्नावर असा तोडगा काढला की आदल्या वर्षीच्या परीक्षेत गुणवत्ता दाखविलेला एकेक विद्यार्थी प्राचार्यांनी प्रत्येक वर्गातून नेमावा, त्यात क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना व सांस्कृतिक उपक्रमांतील एकेकाची आणि दोन विद्यार्थिनींची भर घालावी, आणि या सर्वांनी मिळून आपल्यातून सचिव निवडावा. लोकशाहीच्या इतिहासात प्रतिनिधित्वाचा आधार कधी जमीनजुमला, कधी करभरणा, कधी वय असा राहिला आहे. टक्केवारी हा आधार या कायद्याने शोधला. ज्याला जन्मात कधी केटी लागली नाही, त्याच्याकडे केटीवाल्यांची गाऱ्हाणी मांडण्याचे काम आले. (केटी म्हणजे नापास झालेला विषय डोक्यावर ठेवून वरच्या वर्गात बसण्याची मुभा.) वर्गात पहिला येणारा विद्यार्थी कँटीनमध्ये फिरकत नसल्याने तेथील दरवाढीविषयी त्याचे मत तटस्थ असे, ग्रंथालय संध्याकाळी लवकर बंद होते हे त्याला ठाऊक असे, पण लागणारी पुस्तके त्याने दुपारीच घरी नेलेली असत. निवडणुका शांततेत पार पडू लागल्या हे मात्र खरे, कारण ज्यांना त्या लढवण्याची हौस होती त्यांना तेवढे गुण नव्हते आणि ज्यांना गुण होते त्यांना हौस नव्हती.

विद्यापीठाच्या पातळीवर हा हिशोब उलटा फिरला. तेथे मतदार मोजकेच उरल्याने प्रत्येकाचे मोल वाढले, आणि मतदारांना मतदानापूर्वी दूरच्या थंड हवेच्या ठिकाणी सहलीस नेऊन ऐन मुहूर्तावर परत आणण्याची जी रीत पुढे आमदारांच्या बाबतीत देशभर गाजली, तिचा सराव विद्यापीठ प्रतिनिधींच्या, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘यूआरां’च्या बाबतीतही होऊ लागला. हुशार विद्यार्थ्यांना अभ्यासाबाहेरचे जग दाखविण्याचे श्रेय या सहलींना दिले पाहिजे.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने प्रत्यक्ष निवडणुका पुन्हा कायद्यात आणल्या; अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी ही पदे विद्यार्थ्यांच्या मताने भरावयाची ठरली. कायदा २०१७ मध्ये लागू झाला, २०१९ मध्ये निवडणुकांचे वेळापत्रकही जाहीर झाले, परंतु त्याच वर्षी विधानसभेची निवडणूक येत असल्याने विद्यार्थ्यांची निवडणूक पुढे ढकलण्यात आली, आणि पुढे करोना आला. मोठ्यांची निवडणूक असताना लहानांनी मध्ये लुडबूड करू नये, हा घराघरांतला दंडक शासनानेही पाळला एवढाच याचा अर्थ.

या निवडणुका होतील तेव्हा त्यांना लिंगडोह समितीच्या शिफारशी लागू असतील. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखालील या समितीचा अहवाल २००६ चा असून सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो अमलात आणण्याचा आदेश दिला. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांच्या आत असावा, छापील पोस्टर लावू नये, हाताने रंगविलेलेच लावावे, हजेरी किमान ७५ टक्के असावी, पदवीच्या उमेदवाराचे वय १७ ते २२ च्या दरम्यान आणि संशोधक विद्यार्थ्याचे २८ पर्यंत असावे, अशा या शिफारशी आहेत. हजेरीची अट कडकपणे लावली तर वर्गात नियमित बसणारा उमेदवार निश्चित मिळेल, मात्र त्याला ओळखणारा मतदार मिळेलच असे नाही, कारण मतदाराच्या हजेरीचा विषय महाविद्यालये परीक्षेच्या तोंडावरच काढतात. प्रचारासाठी ध्वनिक्षेपक, वाहने आणि प्राणी यांचा वापर करू नये असेही समितीने स्पष्ट म्हटले आहे. यांपैकी पहिल्या दोन बाबी समजण्यासारख्या आहेत. तिसरीमागे देशातील कोणत्या आवारातला कोणता अनुभव असेल याचा अंदाज करवत नाही, तथापि वाणिज्य शाखेच्या सचिवपदासाठी उंटावरून मते मागण्याची कल्पना ज्यांच्या मनात कधी आली नसती, त्यांना ती या नियमाने सुचविली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

अधिकृत परिषद अशी वाटेत अडकलेली असल्याने विद्यार्थ्यांच्या दैनंदिन जीवनाचा भार दुसऱ्या रूपावर, म्हणजे संघटनांवर येऊन पडतो. तो उचलण्याचे पहिले साधन निवेदन. निवेदन म्हणजे संघटनेच्या नावाच्या कागदावर कुलगुरूंच्या नावे लिहिलेले मागणीपत्र, आणि त्याची घडण पुरातन स्तोत्रांइतकीच ठाम असते. आरंभी ‘मा. कुलगुरू महोदय’ असे नमन, मग ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ या शब्दांनी विषयप्रवेश, मध्ये मागण्या, आणि शेवटी फलश्रुती: येत्या आठ दिवसांत मागण्या मान्य न झाल्यास संघटनेच्या वतीने तीव्र आंदोलन छेडण्यात येईल आणि होणाऱ्या परिणामांची सर्वस्वी जबाबदारी प्रशासनाची राहील, याची नोंद घ्यावी. मुलींच्या वसतिगृहात पाण्याचा कूलर बसवावा एवढीच मागणी असली तरी परिणामांची जबाबदारी सर्वस्वीच असते. खाली ‘प्रत माहितीसाठी’ या मथळ्याखाली जिल्हाधिकारी आणि स्थानिक पोलीस ठाणे यांची नावे असतात. आपण कायदा हातात घेणार असल्याची पूर्वसूचना कायद्याच्याच रक्षकांना सही-शिक्क्यानिशी देणारी ही प्रामाणिक प्रथा जगातील अन्य बंडखोरांत क्वचितच आढळेल.

निवेदन पोहोचविण्याचे काम टपाल करू शकत नाही. ते देताना छायाचित्र निघावे लागते, आणि त्या छायाचित्राचेही शास्त्र आहे: मध्यभागी अधिकारी, भोवती दहाबारा विद्यार्थी, सर्वांच्या नजरा कॅमेऱ्याकडे, आणि एका ए-फोर कागदाला लागतील तेवढे हात. ज्याचा हात कागदापर्यंत पोहोचत नाही तो पुढच्याच्या कोपराला हात लावतो, जेणेकरून मागणीचा विद्युत्प्रवाह खंडित होऊ नये. त्यानंतर दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का घेतला जातो. त्याला ‘पोच’ म्हणतात. ही पोच संघटनेच्या दप्तरात जपून ठेवली जाते, आणि पुढे कोणी विचारले की तुम्ही विद्यार्थ्यांसाठी काय केले, तर ती दाखविता येते. कूलर दाखविता येत नाही; पण त्यात पोचेचा दोष नाही.

प्रशासनाकडून येणारे उत्तरही तितकेच नेमस्त असते. कुलसचिव, म्हणजे विद्यापीठाच्या कार्यालयीन कारभाराचे प्रमुख, मागणी रास्त असल्याचे मान्य करतात, आपणही एकेकाळी वसतिगृहात राहिल्याची आठवण सांगतात आणि विषय समितीपुढे ठेवण्याचे आश्वासन देतात. विद्यापीठात समिती नेमण्यास निधी लागत नाही, कूलर बसविण्यास लागतो, या आर्थिक वस्तुस्थितीकडे टीकाकार दुर्लक्ष करतात. अलीकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक असून तिने तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो, आणि त्यावर समाधान न झालेल्या विद्यार्थ्याला लोकपालाकडे, म्हणजे अशा अपिलांसाठी नेमलेल्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, जाता येते. नियम निःसंशय चांगला आहे. मात्र तो ‘कामकाजाचे’ दिवस मोजतो, आणि गणपती, दिवाळी, परीक्षा, नॅक या मूल्यांकन संस्थेच्या समितीची भेट व दीक्षान्त समारंभ वगळून शैक्षणिक वर्षातून असे पंधरा दिवस निवडून काढणे हे स्वतंत्र संशोधनाचे काम आहे.

आठ दिवसांची मुदत संपली की ठिय्या येतो. ठिय्या म्हणजे मागणी मान्य होईपर्यंत प्रशासकीय इमारतीच्या दारात बसून राहणे. घोषणांचा साठा वडिलोपार्जित असतो. कोण म्हणतो देत नाही, असे विचारून घेतल्याशिवाय राहणार नसल्याचे कळविले जाते, आणि नंतर संबंधित अधिकाऱ्याचे करायचे काय या प्रश्नाला खाली डोके वर पाय हे यमकबद्ध उत्तर मिळते. अधिकारी बदलतात, यमक बदलत नाही, कारण ते पायांशी जुळविलेले आहे, अधिकाऱ्याच्या नावाशी नाही. बंदोबस्तावर आलेला तरुण हवालदार खात्यांतर्गत फौजदाराच्या परीक्षेचा अभ्यास करीत असला तर त्याला आंदोलकांपैकी कोणाकडे तरी चालू घडामोडींचे टिपण मिळते. दुपारी कोणी तरी चहा सांगतो. तो कोणी सांगितला आणि कोणाच्या खात्यावर गेला याचा उलगडा इतिवृत्तांत, म्हणजे बैठकीच्या लेखी नोंदीत, सापडत नाही. संध्याकाळी लेखी आश्वासन मिळते आणि ठिय्या उठतो, कारण वसतिगृहातल्या आंदोलकांना मेस बंद होण्यापूर्वी पोहोचायचे असते. ज्या मेसच्या भाजीविरुद्ध दिवसभर घोषणा दिल्या, तीच भाजी संपून जाईल या काळजीने आंदोलन मागे घेतले जाते, यात विसंगती शोधणाऱ्याने स्वतः कधी वसतिगृहात दिवस काढलेले नसावेत.

वसतिगृह हा तर संघटनांच्या कार्याचा गाभा आहे. खोल्या कमी आणि विद्यार्थी जास्त असल्याने प्रवेश न मिळालेला मित्र मिळालेल्याच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून राहतो. पुण्याच्या आवारांत त्याला ‘पॅरासाइट’ ही जीवशास्त्रीय संज्ञा लाभली आहे. खोलीवर त्याचा हक्क नसला तरी खोलीतील अडचणींची जाण त्यालाच अधिक असते, कारण अधिकृत रहिवासी कॉटवर झोपतो आणि गळके छत जमिनीवरच्यालाच ओले करते. त्यामुळे वसतिगृहाच्या दुरुस्तीच्या निवेदनावर सर्वांत कळकळीची सही कित्येकदा अशाची असते, जो कागदोपत्री तेथे राहतच नाही. रेक्टर, म्हणजे वसतिगृहप्रमुख, ती सही ओळखतात आणि दुर्लक्ष करतात. कारवाई करायची तर तो तेथे राहतो हे मान्य करावे लागेल, आणि मान्य केले तर छत गळते हेही मान्य करावे लागेल.

आता ज्याच्यावर वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे टीका करीत आली, त्या व्यक्तीविषयी चार शब्द सहानुभूतीने लिहिणे न्यायाचे ठरेल. प्रत्येक आवारात एक ज्येष्ठ विद्यार्थी नेता असतो. त्याने एका विषयात एम.ए. केलेले असते, दुसऱ्यात प्रवेश घेतलेला असतो, मध्ये पत्रकारितेची पदविका, मग कायद्याचे पहिले वर्ष आणि कामगार कल्याणाचे प्रमाणपत्र असा त्याचा शैक्षणिक प्रवास चालू असतो, आणि त्याच्यासोबतचे विद्यार्थी एव्हाना प्राध्यापक झालेले असतात, काही तर त्यालाच शिकवायला. लिंगडोह समितीची वयोमर्यादा अशांसाठीच आहे. परंतु वर सांगितलेल्या दोन कालगणना लक्षात घेतल्या म्हणजे त्याची आवश्यकता ध्यानी येते. विद्यार्थी तीन वर्षांत निघून जातात, कुलगुरू पाच वर्षांत. अमुक मागणीची फाइल कोणत्या कपाटात गेली, २०११ साली त्यावर कोणता शेरा पडला, आणि ‘निधी उपलब्ध होताच’ हे शब्द पहिल्यांदा कोणी लिहिले, हे एकट्या त्यालाच आठवते. विद्यापीठाचा अभिलेखागार तो आपल्या शबनममध्ये घेऊन हिंडत असतो. प्रशासनालाही तो हवासा वाटतो, कारण नव्या आंदोलकांना आवक विभाग कोणत्या मजल्यावर आहे हे तोच सांगतो.

या सगळ्या प्रक्रियेची थट्टा करणे सोपे असले तरी तिच्यातून काहीच निष्पन्न होत नाही असे म्हणणे चुकीचे होईल. गोव्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थ्यांनी बसभाड्यात ५० टक्के सवलत मागण्यासाठी जे आंदोलन केले, त्याने तेथील सरकारला घाम फोडला. ही मागणी तत्त्वज्ञानाची नव्हती, अर्ध्या तिकिटाची होती, आणि म्हणूनच ती घराघरात समजली. महाराष्ट्रात एसटीच्या मासिक पासावर विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे. तथापि सवलत बसमध्ये चढल्यावर मिळते, आणि बस थांबली तरच चढता येते. त्यामुळे खेड्यापाड्यांत दरवर्षी असे दृश्य दिसते की सकाळची गाडी सलग काही दिवस न थांबता गेली की शाळा-महाविद्यालयाची मुलेमुली दप्तरांसह रस्त्यावर मांडी घालून बसतात. त्यांची संघटना नसते, घटना नसते, निवेदनही नसते. आगारप्रमुख तासाभरात येतो आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी थांबते. विद्यार्थी चळवळीच्या अभ्यासकांनी या प्रकाराकडे अधिक लक्ष द्यायला हवे, कारण मागणी करणाऱ्यालाच मागितलेली वस्तू मिळाल्याचे हे बहुधा एकमेव नियमित उदाहरण आहे.

निकाल हा विषय मात्र विनोदाच्या पलीकडे जाण्याच्या बेतात असतो. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरविले, म्हणजे कागद स्कॅन करून प्राध्यापकांना पडद्यावर दाखविण्याची व्यवस्था केली. कल्पना वेग वाढविण्याची होती. प्रत्यक्षात निकाल महिनोन्महिने लांबले, राज्यपालांनी कुलपती या नात्याने दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, पुढील प्रवेश खोळंबले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. एरवी एकमेकींचे तोंड न पाहणाऱ्या सर्व संघटना त्या पावसाळ्यात एकाच दारात उभ्या होत्या, आणि फायलीची कालगणना यंत्राच्याही इतक्या लवकर अंगवळणी पडेल हे त्यांच्यापैकी कोणालाच वाटले नव्हते. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क परीक्षार्थीस माहिती अधिकारात आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच दिला होता. त्या हक्कामुळे विद्यार्थ्याला आपण नापास का झालो हे कळू शकते, फक्त ते पुनर्परीक्षेचा अर्ज भरण्याच्या मुदतीपूर्वी कळावे यासाठी संघटना लागते.

मागणी मान्य झाल्याच्या दिवशी खरा संघर्ष सुरू होतो. त्याला श्रेयवाद म्हणतात. परीक्षा आठवडाभर पुढे गेली, की दुपारपर्यंत चार संघटनांची चार पत्रके निघतात, आणि प्रत्येकात ‘यांच्या पाठपुराव्याला यश’ या शब्दांआधी वेगळे नाव असते. कूलर बसला, की प्रवेशद्वारावर कूलरपेक्षा मोठा फ्लेक्स लागतो. त्यावर वर राष्ट्रीय नेते, मध्ये प्रदेशाध्यक्ष, खाली शहरातील पदाधिकारी आणि एका कोपऱ्यात, जागा उरल्यास, कूलर. छापील पोस्टरावर लिंगडोह समितीची बंदी आहे हे खरे, परंतु ती निवडणुकीच्या काळासाठी. निवडणूकच होत नसल्याने बंदी लागू होण्याचा प्रसंग येत नाही आणि फ्लेक्सना बारमाही हंगाम मिळतो. तीनचार फ्लेक्स शेजारी शेजारी लागले, की कूलर कोणत्या मजल्यावर आहे हे सांगणारी पाटी त्यांच्यामागे झाकली जाते. मग आवाराच्या विद्रूपीकरणाचा प्रश्न उपस्थित होतो, १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याचा हवाला दिला जातो, आणि ज्या संघटनेचा फ्लेक्स अद्याप लागलेला नाही ती इतरांचे फ्लेक्स आठ दिवसांत उतरविण्याची मागणी करणारे निवेदन घेऊन कुलसचिवांच्या दालनात छायाचित्रासाठी उभी राहते. कुलसचिव मागणी रास्त असल्याचे मान्य करतात. समितीची पहिली बैठक सहसा परीक्षेनंतर ठेवली जाते.